फ्लाइट मोड कशासाठी? विमानप्रवास आणि बिनतारी उपकरणे

विमानात मोबाईल, इअरफोन, वाय-फाय यांचा वापर कितपत करावा, याविषयी आलेली पत्रे एकत्र वाचली तेव्हा त्यांत दोन सूर स्पष्ट ऐकू आले. काही वाचकांना हा सारा नियम निव्वळ उपचार वाटतो, तर काहींना शेजारच्या प्रवाशाने फोन चालू ठेवला आहे एवढ्यानेच धडकी भरते. विमानांच्या रेडिओ-यंत्रणांच्या देखभालीत माझी उमेदीची वर्षे गेली, त्यामुळे हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, आणि दोन्ही बाजूंच्या वाचकांना मी तितक्याच आस्थेने उत्तर देऊ इच्छितो. सारख्या आशयाचे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मी वरचेवर विमानप्रवास करतो. फोन फ्लाइट मोडवर टाकायला निम्म्या वेळा तरी विसरलो असेन, पण आजवर काहीही झाले नाही. मग हा नियम अजून का ठेवला आहे? तो कालबाह्य झालेला नाही का?

उत्तर : आपला अनुभव खरा आहे आणि बहुसंख्य प्रवाशांचाही तोच आहे. एका फोनमुळे विमान कोसळते, असे कोणताही जाणकार अभियंता म्हणणार नाही. तरीही नियम कालबाह्य आहे असे मला वाटत नाही, आणि त्याचे कारण समजून घ्यायचे तर मोबाईलच्या जन्माच्या आधीपासून सुरुवात करावी लागते.

१९५० च्या दशकाच्या अखेरीस प्रवासी हातात मावणारे एफएम रेडिओ घेऊन विमानात बसू लागले. रेडिओ तर फक्त ऐकतो, काही पाठवत नाही, मग त्याचा उपद्रव कसला, असे कुणालाही वाटेल. पण हव्या त्या स्टेशनचा संदेश पकडण्यासाठी एफएम रेडिओच्या आत एक छोटा आंदोलक, म्हणजे लहरी निर्माण करणारा परिपथ, चालू असतो आणि त्याची वारंवारता सहसा स्टेशनपेक्षा १०.७ मेगाहर्ट्‌झने अधिक असते. म्हणजे प्रवाशाने १०० मेगाहर्ट्‌झचे स्टेशन लावले की त्याच्या रेडिओतून ११०.७ मेगाहर्ट्‌झची एक क्षीण लहर बाहेर झिरपते. नेमक्या १०८ ते ११८ मेगाहर्ट्‌झच्या पट्ट्यात विमानाला दिशा दाखवणारी जमिनीवरील केंद्रे आणि धावपट्टीची मध्यरेषा दाखवणारी यंत्रणा काम करत असते. त्यामुळे अमेरिकेच्या विमानवाहतूक नियामकाने १९६१ मध्ये अशा रेडिओंवर बंदी आणली. मोबाईलवरच्या नियमाचे मूळ हे असे एका निरुपद्रवी दिसणाऱ्या वस्तूत आहे. उपकरण मुद्दाम जे पाठवते त्याचा हिशेब मांडता येतो. त्यातून नकळत जे झिरपते त्याचा हिशेब मांडणे अवघड असते, हा धडा तेव्हाच मिळाला.

आता आपल्या फोनकडे येऊ. दुसऱ्या पिढीचे मोबाईल वापरलेल्या वाचकांना आठवत असेल की रेडिओजवळ किंवा संगणकाच्या स्पीकरजवळ फोन ठेवला, तर घंटी वाजण्याच्या क्षणभर आधी स्पीकरमधून तुटक घरघर ऐकू येई. तो फोन आपली ऊर्जा सेकंदाला सुमारे २१७ तुकड्यांत फेकत असे आणि जवळची कोणतीही तार ते ठोके पकडून त्यांचा आवाज करत असे. हँगरमध्ये हेडसेट लावून संभाषणाच्या रेडिओची चाचणी घेताना सहकाऱ्याच्या खिशातल्या फोनची ही घरघर मी कितीतरी वेळा ऐकली आहे. एकदा ती नेहमीपेक्षा फारच मोठी आली म्हणून आम्ही शोध घेतला, तेव्हा तारेला बाहेरच्या लहरींपासून वाचवणारे जाळीचे वेष्टन एका सांध्यापाशी उसवलेले निघाले. यंत्र सुरळीत चालत होते, वैमानिकांची तक्रार नव्हती, फक्त तारेचे चिलखत तेवढ्या बोटभर जागेत गळून पडले होते. नवे विमान चाचणीत उत्तीर्ण होते तेव्हा त्याची सगळी वेष्टने धड असतात. तेच विमान वीस वर्षे उडाल्यावर त्यातल्या शेकडो सांध्यांपैकी एखादा कसा असेल, हे सीटवर बसलेल्या प्रवाशाला कळण्याचा मार्ग नाही. ‘आजवर काही झाले नाही’ या वाक्यात ही बोटभर जागा धरलेली नसते.

न्यूझीलंडमध्ये ख्राइस्टचर्चजवळ जून २००३ मध्ये एक छोटे विमान धुक्यात उतरताना कोसळले आणि आठ जणांचा बळी गेला. हे विमान किमान उंचीच्या मर्यादेखाली उतरले आणि उंचीकडे नीट लक्ष राहिले नाही, हे तपासात पुढे आले. पण शेवटची काही मिनिटे वैमानिकाचा स्वतःचा मोबाईल कॉलवर जोडलेला राहिला होता, हेही आढळले, आणि उतरण्याचा कोन दाखवणाऱ्या यंत्रावर त्यामुळे चुकीची नोंद उमटली असण्याची शक्यता तपासणाऱ्यांनी अहवालात नोंदवली. ही शक्यताच होती, सिद्ध झालेले कारण नव्हे, आणि ते विमान मोठ्या प्रवासी विमानासारखे नव्हते, हे मी आवर्जून सांगतो. परंतु ढगात किंवा धुक्यात उतरताना वैमानिकाची सारी भिस्त ज्या काट्यावर असते, तो काटा किंचितही शंकास्पद होऊ नये, एवढी अपेक्षा वाजवी आहे.

नियमाचे दुसरे कारण विमानात नाहीच, ते जमिनीवर आहे. मोबाईलचे जाळे जमिनीवर चालणाऱ्या माणसांसाठी आखलेले असते. टॉवरचा पल्ला ठरलेला असतो आणि थोड्या अंतरावरचा दुसरा टॉवर तीच वारंवारता पुन्हा वापरतो, कारण मध्ये इमारती, टेकड्या आणि पृथ्वीची गोलाई असते. दहा किलोमीटर उंचीवरून मात्र क्षितिज सुमारे साडेतीनशे किलोमीटर दूर असते. तिथून फोनने हाक दिली तर ती एका टॉवरला न जाता एकाच वारंवारतेच्या अनेक टॉवरांच्या कानी पडू शकते. शिवाय ताशी साडेआठशे किलोमीटर वेगाने जाताना दोन किलोमीटर रुंदीचे एका टॉवरचे क्षेत्र आठ-नऊ सेकंदांत मागे पडते, आणि फोन व जाळे यांची एकमेकांशी ओळख होईपर्यंत ती मोडतेही. म्हणून अमेरिकेच्या दूरसंचार नियामकाने १९९१ मध्ये ८०० मेगाहर्ट्‌झ पट्ट्यातील मोबाईल हवेत वापरण्यास मनाई केली. तिच्यामागे जमिनीवरच्या जाळ्याची काळजी होती, ही गोष्ट फार कमी प्रवाशांना माहीत असते.

नियम काळाबरोबर बदललेही आहेत. अमेरिकेत ३१ ऑक्टोबर २०१३ रोजी नियामकाने विमानकंपन्यांना अशी मुभा दिली की आपले विमान अशा उपकरणांना पुरून उरते हे त्यांनी तपासून दाखवले, तर प्रवासी निघण्याच्या विमानतळावरील दारापासून उतरण्याच्या विमानतळावरील दारापर्यंत फ्लाइट मोडमधील फोन, टॅबलेट, ई-वाचक वापरू शकतात. युरोपने त्याच वर्षी तसेच केले आणि २०१४ मध्ये आणखी एक पाऊल टाकत, तपासणी झालेल्या विमानांत लहरी पाठवणारी उपकरणेही चालू ठेवू द्यायची की नाही, हा निर्णय कंपन्यांवर सोपवला. म्हणजे जगभर एकच नियम नाही, आणि एका कंपनीच्या विमानात चालले ते दुसऱ्या कंपनीच्या विमानात चालेलच असे नाही. यात विसंगती नाही. ज्या विमानाची तपासणी झाली, मुभा त्या विमानापुरती आहे.

एक साधा स्वार्थही सांगतो. टॉवर सापडत नसला की फोन आपली शक्ती वाढवत नेतो आणि पुन्हापुन्हा शोध घेत राहतो. फ्लाइट मोड विसरलेल्या फोनची बॅटरी उतरेपर्यंत निम्मी झाली, अशी तक्रार करणाऱ्यांना त्याचे कारण इथे सापडेल.

प्रश्न : मी अभियांत्रिकीचा विद्यार्थी आहे. फोन आणि विमानाची यंत्रे वेगवेगळ्या वारंवारतांवर चालतात. मग एकाचा दुसऱ्याला त्रास कसा होईल?

उत्तर : कागदावर पट्टे वेगळे असतात, यात शंका नाही. वैमानिकांचे संभाषण साधारण ११८ ते १३७ मेगाहर्ट्‌झवर, उतरण्याचा कोन दाखवणारी यंत्रणा ३३० मेगाहर्ट्‌झच्या आसपास, जीपीएस १५७५.४२ मेगाहर्ट्‌झवर आणि जमिनीपासूनची उंची मोजणारा रेडिओ अल्टिमीटर ४.२ ते ४.४ गिगाहर्ट्‌झवर चालतो. पण प्रत्येक उपकरण आपल्या पट्ट्याबाहेर थोडे सांडतेच आणि लहरी पकडणारे प्रत्येक यंत्र आपल्या पट्ट्याबाहेरचेही थोडे ऐकतेच. त्यात जीपीएसचा संदेश विमानापर्यंत पोचेतो फोनच्या लहरीच्या तुलनेत अब्जावधी पटींनी क्षीण झालेला असतो. कुजबुज ऐकण्यासाठी कान टवकारलेल्या माणसाला शेजारच्या खोलीतली आरोळीही त्रास देते, तसेच हे आहे.

आपल्या अभ्यासाला उपयोगी पडतील अशी दोन उदाहरणे देतो. पहिले कॉकपिटमधले. बोइंग ७३७ मालिकेतील विमानांत वाय-फाय बसवण्याच्या चाचण्या सुरू असताना एका विशिष्ट प्रकारचे कॉकपिटमधील पडदे वाय-फायच्या वारंवारतेची तीव्र लहर पडताच क्षणभर कोरे होतात, असे दिसून आले. या पडद्यांवर वेग, उंची, दिशा अशी मूलभूत माहिती दिसते. प्रत्यक्ष उड्डाणात असे घडल्याची नोंद नव्हती, तरीही अमेरिकी नियामकाने २०१४ मध्ये १,३०० हून अधिक विमानांतील ते पडदे पाच वर्षांत बदलण्याचा आदेश दिला. लक्षात घ्या, पडदा हा काही रेडिओ नव्हे. तो कोणत्याच वारंवारतेवर काही ऐकत नसतो. तरीही त्याच्या आतल्या परिपथाने ती लहर पकडली. पट्टे वेगळे आहेत म्हणून निश्चिंत राहावे, या युक्तिवादाला यापेक्षा स्पष्ट उत्तर मला ठाऊक नाही.

दुसरे उदाहरण जमिनीवरच्या टॉवरांचे. जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत ३.७ गिगाहर्ट्‌झपासून वरच्या पट्ट्यात फाइव्ह-जी सुरू होण्याच्या वेळी विमानवाहतूक क्षेत्रात मोठी खळबळ उडाली. त्या पट्ट्याची वरची मर्यादा ३.९८ गिगाहर्ट्‌झ, आणि रेडिओ अल्टिमीटर सुरू होतो ४.२ वर. मधले अंतर दिसायला पुरेसे आहे, पण जुन्या अल्टिमीटरांची, नको त्या वारंवारता अडवणारी गाळणी तेवढी काटेकोर नव्हती, कारण ते घडवले गेले तेव्हा शेजारी कुणी मोठ्याने बोलणारे नव्हते. विमानतळांजवळचे टॉवर काही काळ रोखून धरावे लागले, कमी दृश्यमानतेतील काही प्रकारच्या उतरणींवर निर्बंध आले, आणि विमानकंपन्यांना जुलै २०२३ पर्यंत अल्टिमीटरांना नव्या गाळण्या बसवाव्या लागल्या किंवा ते बदलावे लागले. यात प्रवाशाच्या फोनचा दोष नव्हता. दोन यंत्रणा आपापल्या जागी निर्दोष असूनही शेजारी आल्यावर अडचण कशी निर्माण होते, हे मात्र यातून नेमके कळते.

प्रश्न : फ्लाइट मोड लावल्यावरही नकाशावर विमान कुठे आहे ते दिसते. म्हणजे फोन काही पाठवत असतो का?

उत्तर : नाही. जीपीएससाठी फोन फक्त उपग्रहांचे संदेश ऐकतो, उलट काही पाठवत नाही, आणि बऱ्याच फोनांत फ्लाइट मोडमध्येही हे ऐकणे चालू राहते. खिडकीजवळच्या सीटवर ते बरे जमते, कारण धातूच्या सांगाड्यातून उपग्रहाचा क्षीण संदेश आत येत नाही, तो खिडकीतूनच येतो. नकाशा मात्र आधी उतरवून घेतलेला असावा लागतो.

प्रश्न : माझ्या वडिलांचे श्रवणयंत्र ब्लूटूथवर फोनशी जोडलेले असते. विमानात ते बंद करावे लागेल, या भीतीने ते प्रवासच टाळतात. ब्लूटूथला परवानगी आहे का?

उत्तर : आपल्या वडिलांना कृपया सांगा की श्रवणयंत्रासाठी प्रवास टाळण्याचे काहीही कारण नाही. उपकरणांवर बंधने घालणाऱ्या अमेरिकी नियमातच श्रवणयंत्र आणि हृदयाचा पेसमेकर यांना स्पष्ट सूट दिलेली आहे. त्याच यादीत ध्वनिमुद्रक आणि दाढीचे विद्युतयंत्रही आहे, त्यावरून या यादीचे वय लक्षात यावे. श्रवणयंत्राशिवाय माणसाला सूचना ऐकू येणार नाहीत, आणि आणीबाणीत सूचना ऐकू न येणे हा कोणत्याही लहरीपेक्षा मोठा धोका आहे.

ब्लूटूथच्या लहरींची शक्ती इअरफोनसारख्या उपकरणांत साधारण अडीच मिलीवॉट असते. दुसऱ्या पिढीच्या फोनची कमाल शक्ती २ वॉट होती, म्हणजे आठशे पट. म्हणून बहुतेक कंपन्या फ्लाइट मोड लावल्यानंतर ब्लूटूथ पुन्हा चालू करू देतात. फ्लाइट मोड लावताच काही फोन सारे रेडिओ बंद करतात, तर काही फोन आपण मागच्या वेळी ब्लूटूथ चालू केले होते हे लक्षात ठेवून ते तसेच राहू देतात. वडिलांच्या फोनवर कसे होते, हे घरीच एकदा करून पाहावे. विमानात ऐन वेळी त्यांना एकाएकी ऐकू येईनासे झाले तर ते गोंधळतील. शक्य झाल्यास आत शिरताना कर्मचाऱ्यांना श्रवणयंत्राविषयी एका वाक्यात कल्पना द्यावी, म्हणजे इअरफोन समजून कुणी ते काढायला सांगणार नाही.

याच पत्रात गाणी ऐकण्याच्या इअरफोनविषयीही विचारले आहे. त्यांच्याबाबत माझे मत जरा कडक आहे. सुरक्षेच्या सूचना चालू असताना आणि उड्डाण व उतरण्याच्या काळात ते कानातून काढावेत. प्रवासी विमानाला मान्यता मिळण्यापूर्वी निम्मी दारे बंद धरून सगळ्या प्रवाशांना ९० सेकंदांत बाहेर काढता येते, हे सिद्ध करावे लागते. त्या ९० सेकंदांपैकी पहिले पाच-दहा सेकंद ‘काय म्हणाले?’ असे शेजाऱ्याला विचारण्यात गेले, तर त्याचा भार मागच्या रांगेतल्या माणसावर पडतो. लॅपटॉपसारख्या जड वस्तू त्या वेळी आत ठेवायला सांगतात, त्यामागे लहरींचा काही संबंध नाही. विमान जोराने थांबले तर मोकळा लॅपटॉप पुढच्याच्या डोक्यावर जाऊन आदळतो, एवढेच.

प्रश्न : फोनला मनाई आणि विमानातच वाय-फाय, हे कसे? आणि ते एवढे संथ का असते? विमानातून फोनवर बोलताही येते म्हणतात, ते खरे का?

उत्तर : हा प्रश्न सर्वाधिक वाचकांनी विचारला आहे. विमानातील वाय-फाय हा विमानाचाच एक भाग असतो. त्याची केंद्रे छतात कुठे बसवायची, त्यांची शक्ती किती ठेवायची, त्यांच्या तारा कुठून न्यायच्या, हे सारे ठरवून, त्या विमानाच्या यंत्रांसह तपासून, मग मान्यता मिळते. वर सांगितलेली कोऱ्या पडद्यांची गोष्ट अशाच तपासणीत उघडकीला आली होती. आपला फोन दोन-तीन मीटरवरच्या केंद्राशी बोलतो, त्यामुळे त्याला आवाज चढवावा लागत नाही.

फोनवरील संभाषणाचेही तसेच आहे. काही विमानांत मोबाईलचा एक चिमुकला टॉवर आतच बसवतात. तो जवळ असल्याने फोनला अगदी हळू बोलायला सांगतो: १८०० मेगाहर्ट्‌झवर जो फोन जमिनीवर एका वॉटपर्यंत शक्ती वापरू शकतो, तो विमानातल्या टॉवरशी एक मिलीवॉटवर, म्हणजे हजार पटींनी कमी शक्तीवर, बोलू शकतो. फोन गप्प ठेवण्याचे दोन मार्ग आहेत, त्याला बंद करणे किंवा त्याच्या कानाशी जाऊन उभे राहणे; यांतला हा दुसरा मार्ग. एमिरेट्सने मार्च २००८ मध्ये नियमित प्रवासी विमानात अशी सोय सुरू केली आणि युरोपीय आयोगाने त्याच वर्षी ३,००० मीटरपेक्षा अधिक उंचीवर अशा सेवेला रीतसर वाट करून दिली. अमेरिकेत दूरसंचार नियामकाने २०१३ मध्ये असाच प्रस्ताव मांडला होता, पण तो २०२० मध्ये मागे घेतला. त्याला वैमानिक आणि केबिन कर्मचाऱ्यांच्या संघटनांचा विरोध होता. बंद जागेत तासन्‌तास शेजाऱ्याचे संभाषण ऐकावे लागण्याची कल्पना अनेक प्रवाशांनाही रुचली नव्हती, आणि मला ती भावना पूर्णपणे पटते.

संथपणाचे कारण अंतरात आहे. विमानाच्या पाठीवर एक उंचवटा दिसतो, त्याच्या आवरणाखाली उपग्रहाकडे तोंड करून अँटेना असते. उपग्रह भूस्थिर असेल तर तो विषुववृत्तावर ३५,७८६ किलोमीटर उंचीवर असतो. आपण एखादे पान मागितले की मागणी विमानातून वर उपग्रहाकडे, तिथून खाली भूकेंद्राकडे जाते आणि उत्तर त्याच वाटेने परत येते. चार खेपांचे हे अंतर जवळपास १,४३,००० किलोमीटर भरते आणि प्रकाशाच्या वेगानेही त्याला सुमारे अर्धा सेकंद लागतो. एक पान उघडताना अशा मागण्या एकामागून एक कितीतरी होतात. त्यात उपग्रहाची तीच वाहिनी त्या भागातली अनेक विमाने आणि प्रत्येक विमानातील शे-दोनशे प्रवासी वाटून घेतात. अलीकडे सुमारे ५५० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे जाळे काही विमानांत वापरले जाऊ लागले आहे. तिथे ही फेरी काही हजारांश सेकंदांत होते, त्यामुळे दृश्य संभाषणही चालू शकते. ते करता आले तरी करावे की नाही, याचे उत्तर वरच्या परिच्छेदात आहे.

विमानातले वाय-फाय हे अनोळखी माणसांबरोबर वाटून घेतलेले सार्वजनिक जाळे आहे, हेही विसरू नये. बँकेचे व्यवहार शक्यतो उतरल्यावर करावेत.

प्रश्न : सामान हरवू नये म्हणून बॅगेत ब्लूटूथ ट्रॅकर ठेवला तर चालतो का? आणि पॉवर बँक कुठे ठेवावी?

उत्तर : ट्रॅकर चालतो. त्याच्याविषयी ऑक्टोबर २०२२ मध्ये काही दिवस संभ्रम झाला होता. लुफ्थान्साने सामानातील ट्रॅकर बंद असावेत असे म्हटले आणि पुढे जर्मन नियामकांशी विचारविनिमय झाल्यावर त्यांना मुभा दिली. या ट्रॅकरमध्ये नाण्याएवढा सेल असतो. त्यात लिथियम जेमतेम ०.१ ग्रॅम असते, आणि सामानात चालू राहणाऱ्या अशा उपकरणासाठी मर्यादा ०.३ ग्रॅमची आहे. लहरींची शक्तीही अत्यल्प असते. ट्रॅकरला स्वतःला आपण कुठे आहोत हे कळत नाही. आसपासच्या लोकांच्या फोनांना तो हाक देतो आणि ते फोन आपले ठिकाण कळवतात. म्हणून बॅग विमानाच्या पोटात असताना नकाशावर ती मागच्याच विमानतळावर दिसली, तर लगेच हवालदिल होऊ नये.

पॉवर बँकेत रेडिओ नसतो, तरी या स्तंभात तिच्यावर लिहिणे मला अत्यंत निकडीचे वाटते, कारण आज केबिनमध्ये लहरींपेक्षा लिथियम बॅटरीची आग हा अधिक ठळक धोका आहे. ती चेक-इन सामानात कधीही ठेवू नये. मालकक्षात ती पेटली तर तिथे कुणी माणूस नसतो. केबिनमध्ये धूर दिसताच कर्मचारी धावतात. मर्यादा १०० वॉट-तासांची आहे, १०० ते १६० पर्यंत कंपनीची परवानगी लागते आणि त्यापुढे नेताच येत नाही. हिशेब सोपा आहे: मिलिअँपिअर-तासांना हजाराने भागून व्होल्टने गुणावे. २०,००० मिलिअँपिअर-तास आणि ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-तास, ती चालते. ३०,००० ची झाली १११, तिला परवानगी हवी. दक्षिण कोरियातील गिमहे विमानतळावर जानेवारी २०२५ मध्ये उड्डाणापूर्वीच उभ्या विमानात डोक्यावरच्या कप्प्यातून आग लागली आणि विमान जळाले. प्रवासी बाहेर पडू शकले, कारण विमान जमिनीवर होते. पॉवर बँकेतील बिघाड हे तिचे संभाव्य कारण मानले गेले, आणि त्यानंतर त्या देशाने पॉवर बँक डोक्यावरच्या कप्प्यात ठेवण्यास मनाई केली. तिची जागा आपल्या डोळ्यांसमोर, पुढच्या सीटखालच्या पिशवीत किंवा खिशात आहे. तिची टोके झाकलेली असावीत आणि ती फुगलेली दिसली तर घरीच ठेवावी.

प्रश्न : फोन सीटच्या फटीत पडला. मी सीट मागेपुढे करून तो काढू लागले, तर हवाईसुंदरीने जवळजवळ ओरडूनच मला थांबवले. एवढे रागावण्यासारखे काय होते?

उत्तर : त्यांचे बरोबर होते, आणि त्या सुरामागे राग नव्हता, घाई होती. कलणाऱ्या सीटखालच्या पोलादी पट्ट्या आणि दांडे कात्रीसारखे जवळ येतात. त्यांत फोन सापडला तर तो वाकतो, बॅटरीतील दोन थरांमधला कागदापेक्षा पातळ पडदा फाटतो, आणि थर एकमेकांना टेकले की बॅटरी आतूनच तापत जाते. एक पेशी पेटली की तिच्या उष्णतेने शेजारची पेटते. अशी आग विझल्यासारखी वाटून पुन्हा उसळते, म्हणून ज्वाळा विझवल्यावरही उपकरणावर पाणी ओतून ते थंड करत राहावे लागते. फोन फटीत पडला की सीटला हात लावू नये, उठून उभेही राहू नये, बटण दाबून कर्मचाऱ्यांना बोलवावे. त्यांना ती सीट कशी उघडायची ते शिकवलेले असते.

प्रश्न : एका प्रवासात सगळ्यांचे फोन फ्लाइट मोडवर असतानाही उतरण्यापूर्वी सर्व उपकरणे पूर्ण बंद करण्याची घोषणा झाली. बाहेर दाट धुके होते. त्या विमानात काही बिघाड होता का? तेव्हापासून मनात भीती बसली आहे.

उत्तर : अशा घोषणेचा अर्थ विमानात बिघाड आहे असा होत नाही. दाट धुक्यात वैमानिकाला धावपट्टी अगदी शेवटच्या क्षणी दिसते, काही प्रकारच्या उतरणीत तर चाके टेकेपर्यंत दिसतही नाही. विमान स्वयंचलित यंत्रणेच्या हाती असते, आणि ती यंत्रणा मध्यरेषेची लहर, उतरण्याच्या कोनाची लहर आणि रेडिओ अल्टिमीटर यांवरच विसंबून असते. एरवी वैमानिक बाहेर पाहून काट्याची शहानिशा करतो. धुक्यात तशी शहानिशा करायला दुसरे काही उरत नाही. २०१३ मध्ये मुभा देताना अमेरिकी नियामकाने हे गृहीत धरले होते. कमी दृश्यमानतेतील काही उतरण-यंत्रणा अशा उपकरणांना पुरून उरतात हे सिद्ध झालेले नसेल, म्हणून सुमारे एक टक्का उड्डाणांत उपकरणे बंद करण्याची सूचना मिळू शकेल, असे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले होते. आपले उड्डाण बहुधा तशाच प्रकारचे असावे.

फ्लाइट मोडमध्येही फोनचा प्रोसेसर, पडदा, बॅटरीचे परिपथ चालू असतात आणि त्यांतून थोडे झिरपतेच, त्या जुन्या एफएम रेडिओसारखे. पूर्ण बंद केलेल्या फोनमधून ते झिरपणेही जवळजवळ थांबते. पुन्हा अशी घोषणा झाली, तर बटण दाबून धरा, पडदा काळा होईपर्यंत थांबा, आणि शेजारी वृद्ध प्रवासी असतील तर त्यांचाही फोन बंद करून द्या. नुसता पडदा मालवणे म्हणजेच फोन बंद करणे, असे अनेकांना वाटत असते.